परसदारातली बशी आणि कोयोट

एप्रिल 2007 मध्ये शिकागोच्या ऐन मध्यवस्तीत, भर दुपारी, सँडविचच्या एका दुकानाच्या उघड्या दारातून एक कोयोट आत शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात, बाटल्यांच्या शेजारी, गारव्याला निवांत बसून राहिला. प्राणिनियंत्रण विभागाची माणसे येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत त्याने कुणालाही इजा केली नाही.

कोयोट हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकी चुलतभाऊ. वजन साधारणपणे 10 ते 18 किलो. लांडग्यांचा संहार झाल्यावर तो पश्चिमेकडच्या माळरानांतून पूर्वेकडे पसरत गेला आणि शहरांतही रुळला. शिकागोच्या परिसरात स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी 2000 सालापासून कोयोटांना रेडिओपट्टे बांधून त्यांचा माग काढत आहेत. त्यांनी तपासलेल्या विष्ठेत मुख्यतः उंदीरवर्गीय प्राणी, फळे, हरणे आणि ससे यांचे अवशेष सापडले, पाळीव मांजरांचे अगदी क्वचित. माणसावरच्या हल्ल्यांचाही त्यांनी आढावा घेतला, तेव्हा 1960 ते 2006 या काळातल्या अमेरिका आणि कॅनडातल्या 142 घटना हाती लागल्या. कुत्रे चावण्याच्या घटना एकट्या अमेरिकेत एका वर्षात लाखोंनी होतात.

तरीही धोका नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण 1981 साली कॅलिफोर्नियात एक लहान मूल आणि 2009 साली कॅनडात एक तरुणी अशा हल्ल्यांत दगावली आहे. मात्र हा धोका बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच वाढतो. कुत्र्यासाठी परसदारात ठेवलेली आणि रात्री आत घ्यायची राहून गेलेली खाण्याची बशी, झाडाखाली कुजणारी सफरचंदे, पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांवर जमणारे उंदीर, यांमुळे कोयोटाला घराची वाट सवयीची होते आणि माणसाचे भय ओसरते. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या बाबतीत कचरा आणि भटक्या कुत्र्यांची चर्चा होते, तिचे मर्म हेच आहे.

सरसकट मारून प्रश्न सुटत नाही, कारण रिकाम्या झालेल्या हद्दीत भटके कोयोट लवकरच येऊन स्थिरावतात. त्यापेक्षा हुसकावणे उपयोगी पडते. कोयोट समोर आल्यास पाठ फिरवून पळू नये, त्याने पाठलागाची ऊर्मी जागी होते. हात उंचावून, मोठ्याने ओरडून, नाण्यांनी भरलेला डबा खुळखुळवून तो नजरेआड होईपर्यंत थांबावे. अर्धवट हुसकावणे मात्र वाईटच, कारण माणूस नुसताच आवाज करतो हे तो लगेच शिकतो. लहान मुलांना जवळ घ्यावे, कुत्र्याला आखूड पट्ट्याने धरावे आणि मांजर रात्री घरातच ठेवावे.

एका प्रसंगी मात्र ओरडण्यात अर्थ नसतो. वसंतात पिल्ले बिळात असताना कुत्रा घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या मागून कोयोट काही अंतर राखून चालत राहतो. हा पाठलाग वाटला तरी पुष्कळदा तो पाहुण्याला आपल्या बिळापासून दूर नेऊन सोडत असतो. अशा वेळी कुत्र्याला जवळ घेऊन, कोयोटावरची नजर न काढता, सावकाश आलेल्या वाटेने परतावे आणि पुढचे काही आठवडे ती वाट टाळावी.