दुभंगलेल्या वरच्या जबड्यातील अस्थिरोपण

जन्मतः ओठ-टाळू दुभंगलेल्या मुलांच्या वरच्या जबड्यात, दात धरणाऱ्या हाडात उरलेली फट रुग्णाच्याच हाडाने भरण्याची शस्त्रक्रिया. फट बहुधा दुसरा पटाशीचा दात आणि सुळा यांच्या आसपास असते.

पहिल्या प्रयत्नाच्या श्रेयाबाबत एकमत नाही. आयझेल्सबर्ग (१९०१) व लेक्सर (१९०८) या शल्यचिकित्सकांची नावे घेतली जातात. नडगीच्या हाडाने फट बुजवल्याची ड्राख्टर यांची १९१४ ची नोंद मात्र आजच्या पद्धतीला अधिक जवळची वाटते. १९५० नंतर युरोपात तान्ह्या मुलांतच हाड बसवू लागले. पुढे जबड्याची वाढ खुंटलेली दिसल्याने बहुतेकांनी ते सोडले. बॉइन व सँड्स यांनी १९७२ मध्ये मांडलेली, दुधाचे व कायमचे दात एकत्र असतानाच्या वयातील पद्धत आज प्रमाण आहे.

वय साधारण ९ ते ११ वर्षे. पण खरा निकष सुळ्याचे मूळ. ते अर्धे ते दोन-तृतीयांश तयार झाले, पण सुळा अजून उगवला नाही, तोवर हाड भरावे. सुळा त्यातून खाली उतरतो आणि हाडाला काम मिळून ते टिकते. उशीर झाल्यास उघड्या मुळावर हाड धरत नाही, विरघळत जाते.

आधी दंतवैद्य तारांनी दातांची आखडलेली कमान रुंदावतात. फटीतले जादा दात सहा-आठ आठवडे अगोदर काढतात, म्हणजे हिरडी भरून येते. शस्त्रक्रियेत प्रथम नाकाकडचा थर पाणी न झिरपेल असा शिवतात. कमरेच्या हाडाच्या कडेवरील कूर्चा झाकणासारखी उचलून आतले जाळीदार हाड काढतात. ते ओलसर ठेवून लगेच वापरतात. फट तळापासून भरतात, पण ठेचून नव्हे, कारण त्यात रक्तवाहिन्या शिराव्या लागतात. वरून हिरडीची झडप (सैल केलेला पदर) ताण न देता ओढून शिवतात. अपयशाची मुळे बहुधा याच दोन शिवणींत असतात: नाकाकडून गळती झाल्यास जंतुसंसर्ग होतो, ताणलेली झडप उसवल्यास हाड उघडे पडते. मुलाला कमरेच्या दुखण्यामुळे काही दिवस लंगडावे लागते.

निकाल बर्गलँड श्रेणीने (१९८६) मोजतात; ती फटीत तयार झालेल्या हाडाच्या उंचीवरून चार श्रेणी ठरवते. चौथ्या श्रेणीत हाडाचा पूल बनलेलाच नसतो. साध्या क्ष-किरण चित्रात उंची कळते, जाडी नाही.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांमधून तपासणी होते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ भागांतील आश्रमशाळांत ती मोलाची आहे: ओठ शिवून झाला की घरच्यांना उपचार संपले असे वाटते. म्हणून तिसरी-चौथीच्या मुलाच्या ओठावर शिवणीचा व्रण दिसला, तर ओठ उचलून वरची हिरडीही पाहावी.