शापित किल्ल्याचं अ‍ॅडव्हेंचर: हा शाप नक्की आला कुठून?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावर गोष्ट रचत खेळायच्या गेमसाठी शापित किल्ला डिझाइन करायला बसलं की बहुतेक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गेम चालवणारा) आधी नकाशा काढतात, मग खोल्या भरतात, सापळे लावतात, तळघरात एखादा व्हॅम्पायर किंवा लिच (मेल्यावरही टिकून राहिलेला जादूगार) बसवतात आणि शाप सगळ्यात शेवटी, पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसा. यात डीएमची चूक नाही म्हणा, कारण गेमच्या इतिहासात झालंय पण तसंच. किल्ला आधी आला आणि त्याला खरा शाप मिळायला दहाएक वर्षं लागली. गंमत म्हणजे पुस्तकांत हा शाप दोनशे वर्षं आधीच तयार होता.

होरेस वॉलपोल नावाचा इंग्लिश माणूस, खासदार होता, लंडनजवळ ट्विकनहॅमला त्यानं स्वतःसाठी जुन्या गॉथिक किल्ल्यासारखं घर बांधून घेतलं होतं, स्ट्रॉबेरी हिल. 1764 च्या जूनमधे त्याला स्वप्न पडलं की आपण एका पुरातन किल्ल्यात आहोत आणि मोठ्या जिन्याच्या वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक राक्षसी हात टेकलाय. त्यावरून त्यानं 'द कासल ऑफ ओट्रांटो' लिहिलं आणि त्याच डिसेंबरमधे, जुन्या इटालियन पुस्तकाचं भाषांतर म्हणून छापलं. सुरुवातच बघा, घरात लग्न, सगळे तयार, आणि आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडून नवरदेव चिरडून मरतो. का? तर नवरदेवाच्या पणजोबांनी खऱ्या मालकाला विष घालून किल्ला बळकावलेला असतो. बाप मॅनफ्रेड काय करतो तर मेलेल्या पोराच्या बायको होणाऱ्या मुलीशी स्वतःच लग्न लावायला निघतो. मला वाटतं सगळं बीज इथेच आहे, घरातलं पाप, मोडलेलं लग्न, एक भविष्यवाणी, आणि भिंतीच त्या पापाची साक्ष देतायत.

मधला प्रवास पटकन सांगतो. 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हा लेकच्या काठावर बायरनच्या व्हिलात भुताच्या गोष्टी रंगल्या, त्यातून पुढे पोलिडोरीचा सरदार घराण्यातला व्हॅम्पायर आला, 1819 ला. मग 1897 मधे ड्रॅक्युला, 1931 मधे बेला लुगोसीचा सिनेमा. आणि योगायोग असा की डंजन्स अँड ड्रॅगन्स काढणारी टीएसआर कंपनीसुद्धा लेक जिनिव्हाचीच, फक्त ती विस्कॉन्सिनमधली.

आता गेमकडे. 1971 च्या सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन ब्लॅकमूर नावाचा गेम चालवायला लागला. एक वीकेंड त्यानं जुने मॉन्स्टर सिनेमे बघत आणि पॉपकॉर्न खात घालवला आणि त्यातून ही कल्पना आली असं तो स्वतःच सांगायचा. टेबलावर प्लॅस्टिकच्या किल्ल्याचं मॉडेल आणि त्या किल्ल्याखाली भुयारं. इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट घडली. एका प्लेअरचं कॅरेक्टर व्हॅम्पायर झालं, सर फँग, आणि तो इतका डोईजड झाला की त्याला आवरायला दुसऱ्या प्लेअरला पाद्री करावं लागलं, क्रॉस दाखवून भुताला मागे रेटणारा, सिनेमातल्या व्हॅन हेल्सिंगसारखा. आज आपण जो क्लेरिक खेळतो, अनडेडला, म्हणजे मेलेल्या पण चालत्याफिरत्या भुतांना, पळवून लावणारा, त्याचं मूळ हे. म्हणजे किल्ल्यातल्या एका शापित रहिवाशामुळे अख्खा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा एक प्रकार, जन्माला आला. तरीसुद्धा तेव्हा किल्ला म्हणजे भुयाराचं झाकणच होतं. आर्नेसननं खेळून दाखवल्यावर गॅरी गायगॅक्सनं, ज्यानं पुढे त्याच्याबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स केलं, 1972 मधे कासल ग्रेहॉक सुरू केला, तिथेही वर पडका वाडा आणि खाली मजल्यावर मजले, कुणा वेड्या जादूगारानं बांधलेले. वेडा का, एवढे मजले कशासाठी, हे विचारायची गरजच नव्हती कारण खाली जायचं, सोनं उचलायचं, जिवंत वर यायचं. 1974 मधे डंजन्स अँड ड्रॅगन्स बॉक्समधे आला तेव्हाही डीएमला सांगितलं तेच, पेन्सिल घ्या, ग्राफ पेपर घ्या, मजले काढा. मी याला नावं ठेवत नाहीये, तो खेळ अजूनही मस्त चालतो. फक्त त्यात किल्ल्याला स्वतःचं असं दुःख नाही.

ते यायला लागलं हळूहळू. 1977 मधे जजेस गिल्ड या प्रकाशकाचं टेगेल मॅनर हे अ‍ॅडव्हेंचर आलं, बॉब ब्लेडसॉचं, 240 खोल्यांचा झपाटलेला वाडा. त्यात रंप नावाचं अख्खं खानदान, सगळ्यांची नावं आर वरून, कोणी भूत झालेलं, कोणी भिंतीवरच्या तसबिरीत. गोष्ट फारशी नाही, पण पहिल्यांदा वाड्यात राक्षसांऐवजी नातेवाईक होते आणि हा फरक छोटा नाही. मग 1981 मधे टॉम मोल्डव्हेचं कासल अंबर. प्लेअर रात्री झोपतात आणि उठतात ते थेट वाड्याच्या आत, बाहेर जीवघेणं धुकं. आत विक्षिप्त अंबर घराणं आणि मुळाशी घरच्यांनीच मारलेला स्टीफन अंबर. त्याला मोकळं केल्याशिवाय तुमची सुटका नाही. आपल्या पुराणांत शाप दिला की पाठोपाठ उःशाप असतोच, तसा इथे बरोब्बर उःशाप आहे, आणि त्यामुळेच अ‍ॅडव्हेंचरला दिशा मिळते, नुसती खोली क्रमांक अमुक नंतर तमुक असं होत नाही.

आणि मग 1983, रेव्हनलॉफ्ट हे मॉड्यूल, म्हणजे छापील तयार अ‍ॅडव्हेंचर. ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे जोडपं, दोघं मिळून लिहायचे. ट्रेसीला एका गेममधे डंजनच्या कुठल्याशा खोलीत व्हॅम्पायर भेटला आणि त्याला प्रश्न पडला की हा इथे करतोय काय? बाकीच्या खोल्यांत किरकोळ राक्षस आणि मधेच हा, याला घर नाही, गाव नाही, इच्छा नाही. त्या प्रश्नातून दोघांनी स्वतःचा व्हॅम्पायर लिहिला आणि टीएसआरमधे जायच्या आधी काही वर्षं हॅलोविनला तो मित्रांबरोबर खेळून घासूनपुसून घेतला.

तोच हा स्ट्राड फॉन झारोविच. तरुणपण लढायांत गेलेला, बॅरोव्हिया हा प्रदेश जिंकलेला, किल्ल्याला आईचं नाव दिलेला. धाकटा भाऊ सर्गेई येतो, गावातल्या तात्यानावर त्याचं प्रेम बसतं, स्ट्राडचंही बसतं पण तिच्या लेखी तो 'मोठे दीर'च. मग मृत्यूशी करार, लग्नाच्याच दिवशी भावाचा खून, ती कड्यावरून उडी मारते, पहारेकरी स्ट्राडला बाणांनी चाळणी करतात आणि तो मरत नाही. ओट्रांटोतलं लग्न आठवतंय ना? भावाची नवरी हवी म्हणून लग्नमंडपातच रक्त, हे वळण वॉलपोलच्या घरातलंच आहे, हिकमननी ते मुद्दाम घेतलं की नाही तो भाग वेगळा.

पण नुसती बॅकस्टोरी चांगली म्हणून हे मॉड्यूल मोठं नाही, त्या 32 पानांत ती बॅकस्टोरी खेळता येते म्हणून मोठं आहे. तुम्हाला बोलावणारं पत्र खोटं असतं, खरं पत्र जंगलात एका प्रेताच्या हातात सापडतं आणि त्यात लिहिलेलं असतं की येऊ नका. किल्ल्यात, नकाशावरचा के-10, हा डायनिंग हॉल घ्या, टेबल मांडलेलं, गरम जेवण, टोकाला कोणीतरी पाठमोरं ऑर्गन वाजवतंय, यजमान म्हणून तुमचं स्वागत करतंय. तलवार उपसायची का खुर्ची ओढायची? इथे प्लेअर हमखास गप्प होतात. पुढे तळघरात जाल तर आईबापाची कबर, सर्गेईची कबर आणि स्वतः स्ट्राडची, म्हणजे सगळं कुटुंब एकाच मजल्यावर. वर डेव्हिड सदरलंडचे नकाशे. तोवर डंजन म्हणजे सपाट चौकटी, यानं किल्ला तिरका, त्रिमितीत काढला, त्यामुळे कुठला जिना किती मजले भेदून जातो आणि वरून पडलात तर कुठे आपटाल ते नजरेला दिसतं, आणि स्ट्राड कुठूनही येऊ शकतो हे डीएमला पटतं.

पत्त्यांचं डोकं तर लाजवाब. मादाम इव्हा ही भविष्य सांगणारी बाई तंबूत पत्ते काढते, 1983 मधे साधा खेळायचा कॅटच वापरायचा, आणि त्यावरून तलवार कुठे, पवित्र चिन्ह कुठे, स्ट्राडची वही कुठे आणि स्ट्राडला या वेळी नक्की काय हवंय ते ठरतं. ओट्रांटोतली भविष्यवाणी पुस्तकात एकदाच ठरलेली होती, इथे ती दर ग्रुपला वेगळी. शाप तोच पण वाट दर वेळी नवी, डिझाइन म्हणून मला तरी याहून मोठी उडी या प्रकारात दिसत नाही. मात्र त्याच तंबूत एक दुखरी गोष्टही आहे. इव्हाचे ते पत्ते वाचणारे लोक रोमा समाजाबद्दलच्या जुन्या, वाईट कल्पनांवरून उचललेले होते आणि हे दुरुस्त व्हायला फार वेळ लागला. 2020 मधे गेमची नंतरची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टनं ते मान्य करून मजकूर बदलला. जुनं मॉड्यूल चालवणाऱ्यांनी तो भाग तसाच वाचून दाखवू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढे 1990 मधे ब्रूस नेस्मिथ आणि अँड्रिया हेडे यांनी रेव्हनलॉफ्टचं अख्खं जग केलं, धुक्यात तरंगणारे प्रदेश, प्रत्येकाचा एक डार्कलॉर्ड, आणि त्याला जे हवंय तेच कायम हाताच्या अंतरावर ठेवणाऱ्या अदृश्य शक्ती. म्हणजे शाप आता किल्ल्याला नाही, मालकाला. तो राजाही आहे आणि कैदीही. आणि याच धाग्यावर 2016 चं कर्स ऑफ स्ट्राड, म्हणजे रेव्हनलॉफ्टचंच नवं रूप, उभं आहे, त्यात शेवटी लिहिलंय की तुम्ही स्ट्राडला मारलं तरी काही महिन्यांनी तो परत उठतो, त्याला मरणाचीसुद्धा मुभा नाही. खूप प्लेअरना हे खटकतं, वर्षभर घासून जिंकलो आणि फळ काय असं म्हणतात. मला ते पटतं पण आणि नाही पण. कासल अंबरमधे प्लेअर स्टीफनला सोडवतात तेव्हा टेबलावर जे समाधान असतं ते इथे नाही, हे खरंय. पण स्ट्राडनं जे केलंय त्याला उःशाप कोणी द्यायचा, सर्गेई तर कबरीत आहे आणि तात्याना दर जन्मी पळतेय. म्हणून मी चालवतो तेव्हा स्ट्राडचं काय होतं त्यापेक्षा इरीनाचं, म्हणजे तात्यानाच्या या जन्माचं काय होतं ते प्लेअरच्या हातात देतो, तिची सुटका हाच कँपेनचा शेवट, आणि तो मागून परत उठला की नाही ते विचारायला कोणी थांबत नाही.