इंग्लिशमध्ये ‘मला वाटतं’ नेमकं कुठे घुसवायचं?

परवा एका मेलमध्ये मी ‘अ स्मॉल, आय थिंक, चेंज’ असं लिहिलं, पाठवायच्या आधी वाचलं तर कानाला खटकलं, पण का ते काही सांगता येईना. तेच ‘अ स्मॉल बट, आय थिंक, इम्पॉर्टन्ट चेंज’ केलं आणि गाडी रुळावर आली. मधला तुकडा तोच, स्वल्पविराम तेच, फक्त आता त्याच्यानंतर आणखी एक विशेषण येतं आणि ते नामाला चिकटून बसतं.

इंग्लिशमध्ये नामाच्या अगदी लगतची जागा विशेषणाने सहसा सोडायची नसते. ‘अ लाँग, इफ बोअरिंग, स्पीच’ चालतं कारण तुकड्याच्या शेवटी बोअरिंग आहेच. पण ‘अ प्राउड ऑफ हर सन मदर’ अजिबात नाही, तिथे ‘अ मदर प्राउड ऑफ हर सन’ असं सगळं लटांबर नामानंतर न्यावं लागतं. एडविन विल्यम्स या भाषाशास्त्रज्ञाने 1982 मध्ये हे मांडलं, त्याला हेड-फायनल फिल्टर म्हणतात (नाव भारी आहे, गोष्ट साधी).

आपल्याला मराठीत हे जाणवतच नाही, कारण आपलं विशेषण स्वतःचं सगळं सामान आधीच ठेवून मोकळं होतं. ‘वाचायला अवघड पुस्तक’, ‘माझ्यापेक्षा मोठं घर’, कितीही लांबवा, अवघड आणि पुस्तक शेजारीशेजारीच. इंग्लिश विशेषणाचं सामान त्याच्यानंतर येतं, म्हणून ते नामाआधी उभं राहिलं की सामान नेमकं मधे. मग कधी ते फोडून ‘अ डिफिकल्ट बुक टू रीड’ करतात, कधी हायफनने शिवून ‘हार्ड-टू-फाइंड बुक’, म्हणजे एकच शब्द असल्यासारखं.

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ची तर वेगळीच गंमत. ‘अ डिफिकल्ट प्रॉब्लेम’ म्हणायचं, पण मधे अ‍ॅडमिटेडली आलं की लगेच ‘अ‍ॅन अ‍ॅडमिटेडली डिफिकल्ट प्रॉब्लेम’, कारण ‘अ’ला प्रॉब्लेमशी काही देणंघेणं नाही, लगेच पुढे कोणता आवाज येतो तेवढंच तो बघतो.

आणि असा तुकडा विशेषणाआधी टाकला की तो बहुतेक वेळा त्या पुढच्या विशेषणालाच लागतो. ‘अ बिग, आय थिंक रेड, बॉल’ म्हटलं तर बॉल मोठा आहे ते पक्कं, शंका आहे ती फक्त रंगाची.