फील्ड उघडं ठेवायचं की मेथडमागे?

‘फील्ड प्रायव्हेट करा, गेटर-सेटर लिहा’ हे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्याला पहिल्या काही दिवसांतच सांगितलं जातं. म्हणजे क्लासमधली (ऑब्जेक्टच्या साच्यातली) माहिती साठवायची जागा, फील्ड, बाहेरच्या कोडपासून झाका आणि ती वाचायला गेटर, बदलायला सेटर अशा छोट्या मेथड, म्हणजे नावाने हाक मारता येणारे कोडचे तुकडे, द्या. का, ते क्वचितच सांगतात. ते कळायला जावाच्याच लायब्ररीतला डायमेन्शन हा क्लास पुरेसा आहे.

बटणाचा किंवा खिडकीचा आकार सांगणारा हा छोटासा क्लास. त्यातली विड्थ आणि हाइट ही दोन्ही फील्ड पब्लिक आहेत. कोणीही यावं, आकडा बदलून जावं. बटणाने आपल्याजवळचाच डायमेन्शन कोणाच्या हाती दिला, तर घेणारा परस्पर रुंदी 500 करून ठेवेल आणि बटणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून आकार सांगणारी गेटसाइझ ही मेथड दर वेळी नवा डायमेन्शन बनवून देते. नुसती रुंदी हवी असली तरी मेमरीत एक नवा ऑब्जेक्ट! पुढे जावा 1.2 मध्ये बटण-खिडक्यांना गेटविड्थ आणि गेटहाइट या मेथड मिळाल्या. त्या फक्त आकडा देतात. डायमेन्शनची फील्ड मात्र अजून उघडीच आहेत. आता ती झाकायची सोय नाही, कारण आधीच कंपाइल झालेले (चालवायच्या रूपात बदललेले) प्रोग्रॅम त्यांना थेट नावाने हाक मारतात. फील्ड सापडलं नाही, की ते प्रोग्रॅम चालता चालता बंद पडतील.

मेथडमुळे वेग मंदावतो, ही भीती बहुतेक वेळा फोल असते. जावाचा हॉटस्पॉट कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा भाग, सतत लागणाऱ्या छोट्या गेटरचा मजकूर हाक मारणाऱ्या कोडमध्येच उतरवतो.

पण प्रत्येक फील्डला डोळे झाकून सेटर लावणं मला तितकंच चुकीचं वाटतं. जो निर्णय पुढे बदलू शकतो तो मोड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका स्वतंत्र भागाच्या, आत लपवा, असं संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये मांडलं. बँक खात्याच्या क्लासमध्ये शिल्लक बदलणारा ‘सेटबॅलन्स’ ठेवला तर काहीच लपलं नाही. शिल्लक बाहेरूनच ठरते. तिथे ‘पैसे भरा’ आणि ‘पैसे काढा’ अशा मेथड हव्यात, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त रक्कम निघते का, हे खातंच तपासेल.

पायथॉन या भाषेत सुरुवातीलाच मेथड लिहायची घाई करावी लागत नाही. तिथे 2001 च्या 2.2 आवृत्तीपासून प्रॉपर्टी आहे. आज साधं फील्ड ठेवा, उद्या त्याच नावामागे मेथड बसवा. वापरणाऱ्याला एक ओळही बदलावी लागत नाही. जावात ही मुभा नाही, म्हणून बाहेरच्यांसाठीच्या लायब्ररीत सुरुवातीपासून मेथड लिहावी. क्लास आपल्याच पॅकेजपुरता (क्लासच्या एका गटापुरता) असेल, तर थेट फील्ड वापरायला हरकत नाही. वापराच्या सगळ्या जागा आपल्या हातात असतात. बिंदूच्या निर्देशकांसारख्या नुसत्या मूल्यांसाठी 2021 च्या जावा 16 पासून रेकॉर्ड नावाचे क्लास आहेत: फील्ड फायनल (एकदा भरलं की न बदलणारं), वाचायची मेथड आपोआप, सेटर नाहीच.