ज्येष्ठांची संख्या आणि ज्येष्ठांची टक्केवारी: शहर आखताना गल्लत इथेच होते

‘शहर म्हातारं होत चाललंय’ या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, पासष्टीपुढची माणसं वाढताहेत. दुसरी, एकूण लोकसंख्येत त्यांचा वाटा वाढतोय. पुष्कळदा दोन्ही एकदमच घडतं, म्हणून फरक लक्षात येत नाही. वीस वर्षांच्या विकास आराखड्यात मात्र तो महागात पडतो.

दहा लाखांचं एक शहर घ्या. त्यात एक लाख ज्येष्ठ, म्हणजे १० टक्के. नोकरीधंद्यासाठी तरुण येत राहिले, शहर वीस लाखांवर गेलं आणि ज्येष्ठ दोन लाख झाले. टक्केवारी जागच्या जागी, पण खाटा, उतार असलेले फूटपाथ, खालच्या पायरीच्या बस या सगळ्यांची गरज दुप्पट. आता उलटं पाहा. ज्येष्ठ एक लाखच राहिले, पण तरुण निघून गेले आणि शहर पाच लाखांवर आलं. टक्केवारी थेट २०. ज्येष्ठ एकानेही वाढला नाही! इथे खाटांपेक्षा कर भरणारे आणि काम करणारे हात कमी पडतात.

जपानमध्ये ही दोन्ही टोकं दिसतात. देशात पासष्टीपुढचे सुमारे २९ टक्के. टोकियो महानगरात त्याहून बरेच कमी, म्हणून ते ‘तरुण’ वाटतं. पण तिथले ज्येष्ठ तीस लाखांच्या वर आहेत. उलट होक्काइदोतलं युबारी हे कोळशाच्या खाणींचं गाव. १९६०च्या सुमारास तिथे लाखाच्या वर वस्ती होती, आज दहा हजारसुद्धा नाही आणि त्यातले निम्म्याहून अधिक ज्येष्ठ. म्हणजे डोकी मोजली तर काही हजारच. तरीही २००७मध्ये पालिकेचं दिवाळं वाजलं आणि गावातलं मोठं रुग्णालय आटपून छोटा दवाखाना करावा लागला. ज्येष्ठांच्या संख्येवरून हे कळलंच नसतं.

आकसणाऱ्या शहराचा खर्च माणसांच्या प्रमाणात उतरत नाही, हे आराखड्यात सगळ्यांत उशिरा उमगतं. माणसं निम्मी झाली तरी जलवाहिन्यांची लांबी तेवढीच राहते. वर वापर घटल्याने पाणी नळांत जास्त वेळ साचून राहतं, त्यातलं क्लोरीन उतरतं, मैलावाहिन्यांत गाळ बसतो आणि मुद्दाम पाणी सोडून त्या धुवाव्या लागतात. पूर्व जर्मनीतल्या शहरांना हे भोगावं लागलं.

संख्येचा प्रश्न त्यामानाने सोपा, कारण तो डोळ्यांना दिसतो. सिंगापूरने २००९पासून काही सिग्नलवर ज्येष्ठांसाठी सोय केली: खांबावरच्या यंत्राला कार्ड टेकवलं की रस्ता ओलांडायला काही सेकंद जास्त मिळतात. अशी सोय कुठे आणि किती ठिकाणी करायची, हे त्या भागात ज्येष्ठ किती राहतात यावरून ठरतं. त्यांच्या टक्केवारीशी त्याचा फारसा संबंध नाही.

शिवाय शहराची सरासरी कितीही नेमकी काढली तरी वस्तीचं वय त्यात बुडून जातं. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१पासून तरुण कुटुंबं एका लाटेत राहायला आली. ती म्हातारीही एकदमच झाली, तीही लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतींत. मुलं बाहेर पडली आणि शाळा बंद होऊ लागल्या. म्हणून वयोगटांचे तक्ते वॉर्डनिहाय मांडावेत, आणि प्रत्येक तक्त्यात संख्या व टक्केवारी असे दोन्ही रकाने असावेत.