व्हॉल्व्ह की कॅप? ट्रॅकिओस्टॉमीवरची दोन सारखी झाकणं आणि गिळणं

स्पीकिंग व्हॉल्व्ह आणि कॅप ही दोन्ही झाकणं ट्रॅकिओस्टॉमी नळीच्या (श्वासासाठी मानेतून थेट श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या) 15 मिमीच्या तोंडावर बसतात, दोन्हींमुळे पेशंटचा आवाज फुटतो, आणि वॉर्डात दोन्हींना सर्रास ‘कॅप’च म्हटलं जातं. फरक श्वास आत घेताना कळतो. स्पीकिंग व्हॉल्व्हमधून हवा नळीवाटे आत येते, पण श्वास सोडताना पडदा मिटतो आणि हवा नळीच्या कडेने स्वरयंत्राकडे, मग नाकातोंडातून बाहेर जाते. कॅप नळी पूर्ण बंद करते, त्यामुळे दोन्ही श्वास वरच्याच वाटेने. म्हणून व्हॉल्व्ह हे सवय लावण्याचं साधन, तर कॅप ही नळी काढण्याआधीची परीक्षा. काही व्हॉल्व्ह व्हेंटिलेटर चालू असतानाही लावता येतात. कॅप अर्थातच नाही.

गिळण्याशी याचा काय संबंध? गिळताना स्वररज्जू मिटतात, त्यांच्याखाली हवेचा दाब धरला जातो आणि गिळून झाल्यावर आपण बहुधा श्वास सोडतो. मागे राहिलेला कण त्या हवेने वर ढकलला जातो. नळी उघडी असली की हा दाब तिथूनच गळून जातो. शिवाय स्वरयंत्रातून बरेच दिवस हवा खेळली नाही की तिथली जाणीव बोथट होते. लाळ श्वासनलिकेत उतरते आणि साधा ठसकाही लागत नाही. व्हॉल्व्ह लावल्यावर पेशंट खाकरू लागतो, त्याला वास येऊ लागतो. मात्र पक्षाघाताने किंवा आयसीयूतल्या दीर्घ मुक्कामात स्नायू दुबळे झाल्याने बिघडलेलं गिळणं नुसत्या झाकणाने दुरुस्त होत नाही.

आता कफ. मराठीत हा शब्द घात करतो: ‘कफ काढा’ म्हणजे सक्शन करा (यंत्राने स्राव ओढून घ्या) की नळीभोवतीचा फुगा, इंग्रजीतला ‘कफ’ (cuff), रिकामा करा? इथे फुगाच म्हणू. तो 20 ते 30 सेंमी पाण्याच्या दाबाला ठेवतात. फुगवलेला असला की अन्न अडतं, ही समजूत चुकीची आहे. फुगा स्वररज्जूंच्या खाली असतो; त्याच्यावर जे साचतं ते आधीच चुकीच्या वाटेला लागलेलं असतं आणि कडेच्या सुरकुत्यांतून हळूहळू खाली झिरपतं.

फुगा फुगलेला असताना व्हॉल्व्ह लावला, तर हवा आत जाते पण बाहेर पडत नाही. काही श्वासांतच छाती ताठरते. कॅप लावली, तर आतही जात नाही. म्हणून क्रम पाठच हवा: आधी फुगा रिकामा करा, मग झाकण लावा; काढताना आधी झाकण काढा, मग फुगा फुगवा. फोम भरलेल्या फुग्याच्या नळीवर यातलं काहीच लावायचं नाही.

पहिल्या वेळी पेशंटला बसतं करा. तोंड आणि नळी सक्शन करा, सिरिंजने फुगा सावकाश पूर्ण रिकामा करा आणि लगेच पुन्हा सक्शन करा, कारण वर साचलेली लाळ त्याच क्षणी खाली येते. हातमोजा घातलेल्या बोटाने नळी श्वास सोडताना क्षणभर बंद करून आवाज येतो का ते बघा. मग व्हॉल्व्ह पाव फेरा देऊन बसवा, पहिल्यांदा काही मिनिटंच, ऑक्सिजन आणि श्वासाची गती यांवर नजर ठेवून. काढताना ‘फुस्स’ आवाज आला तर हवा आत कोंडत होती: नळी जाड आहे किंवा वर सूज वा अडथळा आहे. अशाला कॅप लावायचा विचारही नको.

व्हॉल्व्ह चांगला सोसतो म्हणून लगेच चमच्याने पाणी द्यायचं नाही. निळ्या रंगाच्या चाचणीत (तोंडात दिलेला निळा रंग नळीतून निघणाऱ्या स्रावात उतरतो का ते बघतात) रंग दिसला तर धोका नक्की. दिसला नाही म्हणून गिळणं सुरक्षित ठरत नाही. नाकातून दुर्बिणीने होणारी फीस तपासणी जास्त भरवशाची, आणि शक्यतो व्हॉल्व्ह लावूनच करावी.

कॅप सहसा 24 तास ठेवून बघतात. ती सक्तीची परीक्षा मात्र राहिलेली नाही: 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधल्या 330 पेशंटांच्या अभ्यासात कॅपच्या चाचणीऐवजी सक्शन किती वेळा लागतं यावर निर्णय घेतलेल्या गटाची नळी लवकर निघाली.

रात्रीच्या ड्युटीला निरोप देताना दोन्हींचं नाव स्पष्ट लिहा. झोपताना व्हॉल्व्ह काढायचा असतो, कॅपची चाचणी मात्र झोपेतही चालू राहते आणि तेव्हा पेशंटजवळ कुणीतरी जागं लागतं.