स्वस्त चष्म्याने डोळे बिघडतात का?

"स्वस्तातला चष्मा लावला की डोळे कायमचे खराब होतात," असा मेसेज फिरतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे खरं नाही. महाग चष्म्यात जास्तीचे पैसे बहुतेक फ्रेमचे आणि कोटिंगचे असतात. बीड-जालन्याच्या छोट्या दुकानातही काच नंबरप्रमाणेच बसवता येते. नंबर, ॲक्सिस (तिरक्या नंबराचा कोन) किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर चुकलं तर डोकं दुखतं, जमीन तिरकी दिसते. पण हा त्रास चष्मा काढल्यावर जातो. लहान मुलांचा नंबर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडूनच काढावा, चुकीच्या नंबराने त्यांची नजर मंद राहू शकते.

पडताळायला नंबराचा कागद मागून घ्या. नवा चष्मा दुसऱ्या दुकानात लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) तपासून आकडे जुळवा. घरी चष्मा हातात धरून हलवा: मायनसच्या काचेतून वस्तू त्याच दिशेला सरकते, प्लसच्या काचेतून उलट.